आधी काय, मग काय?

स्मरणिका समितीतली मुलं घरी आली. मुलं म्हणजे आता चाळिशीला टेकलेली माणसं. पण आपण इथे राहायला आलो तेव्हा ती शाळेत होती, म्हणून आम्हाला ती अजून मुलंच. म्हणाली, "काका, तुम्ही पहिले खजिनदार. सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." मी म्हटलं, इतिहास म्हणजे काय लिहू? नोंदणी १९९९ सालची, भूमिपूजन त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर, गृहप्रवेश २००१ च्या संक्रांतीच्या सुमारास. सोळा सदनिका, तळमजला अधिक तीन मजले. हे सगळं वार्षिक अहवालात आहे, आणि पदाधिकाऱ्यांची यादी या अंकातही छापली आहे.

मग मला ते कॅलेंडर आठवलं. १९९९ चं भिंतीवरचं जुनं कॅलेंडर. माझ्या कपाटात सोसायटीच्या पहिल्या पासबुकांबरोबर गुंडाळून ठेवलेलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढलेली वर्तुळं आहेत आणि त्यांना जोडणारे बाण. प्रत्येक बाणावर एकेका कामाचं नाव आणि खाली आठवड्यांचा आकडा. ज्यांनी ते काढलं ते आपले रावसाहेब आज हयात नाहीत. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंत्याला सगळे 'रावसाहेब' म्हणतात, तेच नाव निवृत्तीनंतरही त्यांना चिकटलं. त्या कागदाची गोष्ट सांगितली तर सोसायटीचा इतिहास आपोआप येईल, आणि आपल्या आंबेगाव-जुन्नरचाही थोडा येईल, असं वाटतं.

कामाचा क्रम ही काही साहेबांकडून शिकायची गोष्ट नव्हे. तानाजी मालुसऱ्यांच्या तोंडचं 'आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं' हे वाक्य आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण त्याच्याही कितीतरी आधीचं उदाहरण आपल्या शेजारी आहे. लेण्याद्रीला आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो. ते मंदिर म्हणजे बौद्ध लेण्यांच्या रांगेतलं सातवं लेणं. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा इथे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी कातळ कोरला. घर बांधताना आपण खालून वर जातो. लेणं कोरताना उलटं, आधी छत आणि मग खाली खाली जमीन. असं केलं की परांचीची गरज पडत नाही, उभं राहायला पायाखाली न कोरलेला दगड असतोच. पण यात एक मेख आहे. घराची वीट चुकली तर काढता येते, कोरलेला दगड परत बसवता येत नाही. मानमोडीच्या डोंगरात अर्धवट सोडलेलं काम आजही दिसतं. तेव्हा त्या कारागिरांच्या डोक्यात 'आधी काय, मग काय' हे पक्कं असल्याशिवाय छिन्नीचा पहिला घाव पडला नसणार.

फरक इतकाच, की हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कागदावर ते फार उशिरा आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने आडव्या पट्ट्यांचा तक्ता लोकप्रिय केला. कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार, ते पट्टीच्या लांबीवरून दिसे. बँकेत आम्हीही वसुलीच्या मोहिमेसाठी असे तक्ते केले आहेत. पण पट्टीवरून एक गोष्ट कळत नाही. हे काम लांबलं तर त्याच्यामुळे कोणतं दुसरं काम अडेल?

त्याचं उत्तर १९५७ च्या सुमारास निघालं. ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीचे जेम्स केली यांनी कामं बाणांनी जोडून दाखवायची पद्धत बसवली. तिला 'क्रिटिकल पाथ मेथड', थोडक्यात सीपीएम म्हणतात. ड्यूपॉन्टच्या लुईव्हिल इथल्या कारखान्यात दुरुस्तीसाठी यंत्रं बंद ठेवावी लागत, त्याला सरासरी १२५ तास जात. कामांचा क्रम या रीतीने तपासल्यावर तो वेळ ९३ तासांवर आला. जवळजवळ त्याच वेळी, १९५८ मध्ये, अमेरिकन नौदलाने पाणबुडीतून सोडायच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' नावाची अशीच पद्धत काढली. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन फोंडाल यांनी दाखवून दिलं, की त्यासाठी संगणक लागतोच असं नाही. साध्या कागदावर, हाताने आकडेमोड करूनही हे जमतं. आपलं कॅलेंडर त्याच जातीचं.

रावसाहेबांनी ही पद्धत आम्हाला, म्हणजे पहिल्या कार्यकारिणीला, पुरणपोळीवरून समजावली. सभा त्यांच्या भाड्याच्या घरात होती, तारीख होळीच्या आसपासची असावी. ते म्हणाले, "डाळ शिजायला चाळीस मिनिटं, गूळ घालून पुरण आटवायला तीस, वाटायला वीस. झाली नव्वद. दुसरीकडे कणीक मळायला पंधरा मिनिटं आणि मुरायला तास. झाली पंच्याहत्तर. दोन्ही तयार झाल्याशिवाय पहिली पोळी लाटता येत नाही. लाटणं-भाजणं पंचेचाळीस मिनिटं. तर पान वाढायला किती वेळ?" नव्वद आणि पंचेचाळीस, एकशे पस्तीस मिनिटं. कणकेची वाट छोटी, तिला पंधरा मिनिटं सवड आहे. कणीक दहा मिनिटं उशिरा मळली तरी जेवण वेळेवर. पण डाळ दहा मिनिटं उशिरा चढवली तर जेवण दहा मिनिटं उशिरा. डाळ-पुरणाची जी लांब वाट, तीच 'क्रिटिकल पाथ'. तिच्यात सवड शून्य.

वहिनी आतून म्हणाल्या, "मग मी डाळ कुकरला लावते, वीस मिनिटांत होईल." रावसाहेब खूश झाले. म्हणाले, "आता पुरणाची वाट सत्तर मिनिटांची झाली. म्हणजे वीस मिनिटं वाचली का? नाही! आता कणकेची पंच्याहत्तर ही लांब वाट झाली. एकूण एकशे वीस. वाचली पंधराच." एका वाटेवर घाई केली की दुसरी वाट पुढे येऊन उभी राहते. हे एवढं जरी लक्षात ठेवलं, तरी घर बांधणाऱ्याचे बरेच पैसे वाचतात. आम्ही ते ऐकलं, हसलो, पोळ्या खाल्ल्या आणि, पुढे सांगतो तसं, विसरलो.

पर्टमध्ये आणखी एक गंमत आहे. प्रत्येक कामाला एक नव्हे, तीन अंदाज धरायचे. सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं बिघडलं तर. नेहमीच्या अंदाजाला चौपट वजन द्यायचं, तिन्हींची बेरीज करून सहाने भागायचं. मंचरहून पुण्याला जायचं म्हणा. रस्ता मोकळा तर नव्वद मिनिटं, नेहमीचे एकशे वीस, आणि चाकणला कोंडीत सापडलो तर दोनशे दहा. नव्वद, चारशे ऐंशी आणि दोनशे दहा मिळून सातशे ऐंशी, भागिले सहा, म्हणजे एकशे तीस मिनिटं. म्हणून सुनेला सांगतो, दवाखान्याची वेळ असेल तर दोन तासांच्या हिशेबाने निघू नकोस.

आता आपली इमारत. कॅलेंडरवर मुख्य ओळ अशी आहे: खोदाई व पाया ५ आठवडे, जोतं ४, आरसीसी सांगाडा आणि चार स्लॅब १६. इथपर्यंत २५ झाले. वीटकाम १०, म्हणजे ३५. मग भिंतीतल्या विजेच्या नळ्या ३ आणि पाण्याचे पाइप ४. ही दोन्ही कामं बरोबरीने, म्हणून मोठा आकडा धरायचा, ३९. गिलावा ८, झाले ४७. फरशी ६, झाले ५३. रंग ४, एकूण ५७ आठवडे. नोव्हेंबर १९९९ च्या मध्यात कुदळ मारली, म्हणजे पंचविसावा आठवडा २००० च्या मे महिन्यात येत होता. रोहिणी-मृगाच्या आत सगळे स्लॅब पडायचे आणि पावसात वीटकाम छपराखाली चालायचं. दिवाळीनंतरच सुरुवात करायचा रावसाहेबांचा आग्रह यासाठी होता. आमच्यातले काहीजण म्हणत होते, घाई काय, थंडी ओसरू द्या. तसं केलं असतं तर वरचे स्लॅब भर पावसात टाकावे लागले असते.

कागदाच्या खालच्या अंगाला एक वेगळी वाट आहे. तिच्यावर ना वीट आहे ना सिमेंट. वीजजोडणीचा अर्ज आणि अनामत ४ आठवडे, मंजुरी आणि साहित्य ३०, ट्रान्सफॉर्मर उभारून जोडणी ६. एकूण ४०. सत्तावन्नातून चाळीस गेले, सवड १७ आठवडे. रावसाहेबांनी त्या बाणाखाली '१७' हा आकडा दोनदा गिरवला आहे.

अनामतीची रक्कम माझ्या हातात होती. सभासदांनी पहिल्या हप्त्यातच दिली होती. मी बँकेतला माणूस. पैसा चालू खात्यात नुसता पडलेला मला बघवत नाही. विचार केला, इमारत उभी राहायला वर्ष आहे, आत्ताच अनामत भरून काय करायचं? मुदत ठेवीत टाकू, सोसायटीला व्याज मिळेल. टाकली. रावसाहेबांनी एकदा विचारलं, "अर्ज गेला का?" मी म्हटलं, "सवड आहे ना सतरा आठवड्यांची?" ते म्हणाले, "सवड म्हणजे आळसाला परवानगी नव्हे. ती अडचणीसाठी राखून ठेवायची असते." मी मान हलवली. ठेव मोडून अर्ज दाखल होईपर्यंत विसावा आठवडा संपला होता.

पुढचं गणित तुम्हीच करा. वीस आणि चाळीस, साठ. इकडे ठेकेदाराला आम्ही घाई केली, जादा रंगारी आणायला लावले, त्यांचे जादा पैसेही दिले. चार आठवड्यांचा रंग दोन आठवड्यांत झाला आणि पंचावन्नाव्या आठवड्यात इमारत झकास तयार. आणि वीज नाही! वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे टाकीत पाणी नाही. रंगवलेली रिकामी इमारत पाच आठवडे तशीच उभी. सत्तावन्न आठवड्यांचा शब्द दिला होता, ताबा साठाव्या आठवड्यात दिला. रंगाऱ्यांना दिलेले जादा पैसे पाण्यात गेले, आणि ठेवीचं व्याज त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

तीन आठवडे ही काही फार मोठी गोष्ट नाही, असं मी तेव्हा सर्वसाधारण सभेत म्हणालो होतो. पण एका सभासदाने आमच्या तारखेवर विसंबून भाड्याचं घर डिसेंबरात सोडायचं कबूल केलं होतं. मालकाने दुसरा भाडेकरू ठरवला होता. ते कुटुंब तीन आठवडे नातेवाइकांच्या एका खोलीत राहिलं, सामान आमच्या पडवीत. त्यांची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. तीच मुलगी आज या स्मरणिकेची संपादक आहे. तिने हा विषय कधी काढला नाही. मीच आज काढतो, कारण पंचवीस वर्षांचे जमाखर्च तपासताना ही एक नोंद माझ्या नावावर राहून गेली होती.

आमची चूक तीन आठवड्यांची. क्रम चुकला की काय होतं याचा मोठा धडा पुणे जिल्ह्याने १२ जुलै १९६१ रोजी पाहिला. मी तेव्हा शाळेत होतो. अंबी नदीवरचं पानशेत धरण अजून पुरं व्हायचं होतं, पण त्याच पावसाळ्यात पाणी साठवायचं म्हणून कामाला वेग दिला गेला. मातीचा बांध उभा राहिला. पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचं आणि त्याच्या दारांचं काम मात्र अपुरं होतं. जुलैच्या पावसात जलाशय भराभर वर आला. अर्धवट मार्गातून पाणी उसळत गेलं आणि त्याच्यावरचा बांध खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं, आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला. ज्यांचे आप्त तिथे होते त्यांच्या घरी 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' असा काळ आजही मोजतात. पाणी अडवण्याआधी पाणी सोडण्याची वाट तयार पाहिजे. कागदावर हा एकच बाण. पण तो बाण ओलांडायची मुभा पावसाने कोणाला दिलेली नाही.

आपल्या भागातला कुकडी प्रकल्प त्यानंतरचा. पाच धरणं: येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. चार जुन्नर तालुक्यात, डिंभे आंबेगावात. क्रम बघण्यासारखा आहे. कुकडी नदीवर माणिकडोह वर आहे आणि येडगाव खाली, पण आधी पुरं झालं ते येडगाव, १९७७ मध्ये. साठा त्याचा फार मोठा नाही. पण दूर सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जाणारा सुमारे अडीचशे किलोमीटरचा डावा कालवा तिथूनच निघतो. मग मीना नदीवरचं वडज १९८३ मध्ये, माणिकडोह १९८४ मध्ये. पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे मागून, शतकाच्या अखेरीस. माणिकडोहचं पाणी नदीतून येडगावात येतं आणि डिंभ्याचा डावा कालवाही येडगावलाच येऊन मिळतो. म्हणजे येडगाव हे कॅलेंडरवरचं ते वर्तुळ, ज्यात चहूकडून बाण येतात. ते आधी बांधलं म्हणून वरची धरणं एकेक करून जोडता आली. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा अशा सात तालुक्यांना या पाण्याचा आधार झाला. आमच्या लहानपणी बाजरी आणि मटकी पिकवणाऱ्या शिवारात ऊस, द्राक्षं, टोमॅटो आले. नारायणगावचा टोमॅटोचा आणि मंचरचा बटाट्याचा बाजार कोणाला सांगायला नको. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घराचा पहिला हप्ता त्याच पाण्यातून निघाला, हे मी खजिनदार म्हणून खात्रीने सांगू शकतो.

पण रावसाहेब धरणांबद्दल फारसं अभिमानाने बोलत नसत. नोकरी सगळी धरणांवर गेलेली, तरीही. एकदा गच्चीवर बसलो असताना म्हणाले, "आम्हाला शिकवलेल्या आकृत्यांत दगड होता, सिमेंट होतं, दरवाजे होते. माणसं नव्हती."

त्याचा अर्थ मला बँकेच्या काउंटरवरून कळला होता. १९८० नंतरच्या काळात मी पश्चिम भागातल्या एका शाखेत होतो. बुडणाऱ्या गावांतली माणसं भरपाईचा धनादेश घेऊन येत. बहुतेकांनी तोवर बँकेची पायरी चढलेली नव्हती. एक म्हातारे बाबा होते. अंगठा उठवून त्यांचं खातं मीच उघडलं. इतकी रक्कम त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मी म्हटलं, "बाबा, ठेवीत टाका." ते बरं म्हणाले. मग मुलीचं लग्न निघालं, जुनं देणं निघालं, बैल घेतला, घरावर पत्रे टाकले. दर वेळी स्लिप भरून मीच पैसे दिले. नियमात सगळं बरोबर होतं. काही वर्षांनी ते एक कागद घेऊन आले. बदली जमीन हवी असेल तर भरपाईतला मोठा हिस्सा आधी परत भरा, असा तो होता. खात्यात शेकड्यांत शिल्लक होती. मला म्हणाले, "साहेब, आधी जिमीन दावली असती तर मी पैशाला हात लावला असता का?" या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही बँकेच्या परिपत्रकात नाही.

आधी जमीन, मग पैसा, मग पाणी. बाबांनी जे सांगितलं तो साधा क्रमच होता. हा प्रश्न जुना आहे. मुळशीला १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मावळ्यांनी सत्याग्रह केला, तेव्हापासूनचा. पुढे दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांची चळवळ उभी केली, आणि 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा राज्यभर गेली. घोषणा म्हणून आपण ती ऐकतो. पण नीट पाहिलं तर ती आकृतीतला एक बाण आहे: 'पुनर्वसन पूर्ण' या वर्तुळातून निघून 'पाणी अडवणे' या वर्तुळात जाणारा. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला, १९८६ मध्ये नवा आणला, १९९९ मध्ये पुन्हा नवा. कायद्यात बाण आला. जमिनीवर तो दर वेळी आलाच असं नाही.

डिंभे धरण सुमारे ७२ मीटर उंच. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवे झालेले. त्या पाण्याखाली ज्या गावाच्या नावाने आपला तालुका ओळखला जातो ते आंबेगावच गेलं. उन्हाळ्यात पाणी खाली उतरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. आपण रोज सातबाऱ्यावर, दाखल्यावर, पत्त्यात 'तालुका आंबेगाव' लिहितो. ते गाव पाण्याखाली आहे, हे आपल्या नातवंडांना ठाऊक असावं.

तिथल्या महादेव कोळी आणि इतर आदिवासी कुटुंबांनी हार मानली नाही, हेही सांगायला हवं. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साथीने त्यांनी दोन वाटा काढल्या. एक गाळपेर. पाणी ओसरेल तशी उघडी पडणारी गाळाची जमीन हक्काने कसायची. दुसरी, जलाशयातल्या मासेमारीसाठी स्वतःची सहकारी संस्था. २०१२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. गाळपेरीत क्रम पाणीच ठरवतं. पाणी जितकं उतरेल तितकंच पेरायचं, आणि ते परत चढायच्या आत पीक काढायचं. ज्यांच्यासाठी कोणी आकृती काढली नव्हती त्यांनी ती स्वतः काढली. त्यांची संस्था सहकारी, आपलीही सहकारी. म्हणून त्यांचा उल्लेख या अंकात आगंतुक वाटू नये.

आता थोडं घरचं. रौप्यमहोत्सवासाठी इमारतीला बाहेरून रंग द्यायचा ठराव आला आहे. कार्यक्रमाच्या फोटोत इमारत चांगली दिसावी ही इच्छा चुकीची नाही. पण गच्ची दोन पावसाळे गळते आहे, आणि पश्चिमेच्या भिंतीला चिरा आहेत. मी कॅलेंडरच्या कोपऱ्यात नवीन वर्तुळं काढून पाहिली. आधी इमारतीची तपासणी, मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग एक पावसाळा जाऊ द्यायचा, मग चिरा भरून बाहेरचा गिलावा, आणि सगळ्यात शेवटी रंग. रंग आधी दिला तर पुढच्या श्रावणात तो पोपडे धरणार आणि आपण परत वर्गणी काढणार. त्याच तपासणीच्या वर्तुळातून दुसरा बाण लिफ्टकडे जातो. पहिल्या सोळा सभासदांपैकी जे आहेत त्यांतले बहुतेक सत्तरीच्या पुढे आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी महिन्यातून दोनदाच खाली उतरतात, एकदा दवाखान्याला आणि एकदा एकादशीला. माझं मत असं, की कार्यक्रम जुन्याच रंगात करू. पाहुणे आपल्याला भेटायला येणार आहेत, भिंतींना नाही. तपासणी या हिवाळ्यातच करून घेऊ आणि तिचा अर्ज, अनामत, जे काय असेल ते पहिल्याच आठवड्यात भरू. या वेळी मुदत ठेव नको.

कॅलेंडर मी आजच समितीच्या ताब्यात देत आहे. मागची बाजू अजून अर्धी कोरी आहे. पेन्सिल मात्र आणावी लागेल. रावसाहेब शाईने कधी काढू देत नसत.